येसर डॉट भारत आणि माझं 'झालं'

…आणि वरून मलाच समजावतेत बघा, "जाऊ दे बापा, मनाला लावून घिऊ नको, तुझा काय कसूर त्याच्यात?" आख्खी गल्ली समजावायली. काल तर दूध घालणाऱ्यानं पातेलं हातात देता देता समजावलं. तुमच्यात कंधारचं कुणी बसलंय का? असंल तर जरा बाहेर जाऊन चहा पिऊन या, कारण मी जे सांगणार हाय ते कंधारात एकाच बाईला म्हाईत हाय, आणि ती बोलत न्हाई. ती बोलली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मी इथं तुमच्यापुढं कशाला उभा राहिलो असतो? चूक माझीच हाय, मी कुठं न्हाई म्हणलं. पण मूर्खपणा आमच्या घरानं सगळ्यांत वाटून घेतलेला हाय, आणि थोरल्यांच्या वाट्याला जरा जास्त गेलाय, वयाप्रमाणं.

ती बाई म्हणजे माझी आत्या, केवळाबाई. आत्याचा बायकांचा गट हाय, अकरा जणी. येसर करतेत. येसर म्हणजे डाळी, गहू, मसाले भाजून दळलेलं पीठ, गरम पाण्यात सोडलं की आमटी तयार, लग्नात पंगतीला वाढतेत ती. आमच्याकडची पोरं पुण्याला शिकायला गेली की पहिला महिना पिझ्झा खातेत आणि दुसऱ्या महिन्यात आत्याला फोन करतेत, "आत्या, येसर ऑनलाईन भेटंल का?" आत्याला ऑनलाईन म्हणजे काय म्हाईत न्हाई, पण भूक म्हणजे काय म्हाईत हाय. ती माझ्याकडं आली. मी म्हणजे शिवम. नांदेडला इंजिनेरिंग दोन वर्षं केलं आणि सोडलं. का सोडलं ते इचारू नका, आमच्या हणमंतराव तात्यांनी ते इचारून इचारून त्या प्रश्नाचा चोथा केलाय. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, आत्याचे मोठे भाऊ. पाहुण्याला माझी वळख करून देतेत, "हे आमचे इंजिनेर… अर्धे."

तर मी आत्याला म्हणलं, आत्या, आता वेबसाईटचं नाव मराठीतबी घेता येतंय. डॉट कॉम नको, डॉट भारत. देवनागरीत. येसर डॉट भारत. मोबाईलवर टाईप करून दाखवलं. आत्यानं मोबाईल हातात घेतला, लांब धरला, आणि एक एक अक्षर वाचलं. ये… स… र. मग म्हणली, "हे तर मला वाचता येतंय रे." तुम्हाला सांगतो, आमची आत्या चौथी शिकलेली. बँकेचं, औषधाचं, गॅसचं, सगळं इंग्रजीत, सगळं दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं. आणि ही इंटरनेटवरची पहिली गोष्ट, जी बाईनं स्वतः वाचली. त्या दिवशी अकराच्या अकरा जणी येऊन वाचून गेल्या. एक म्हणली, "डॉट म्हणजे टिंब व्हय? मग टिंब म्हणा की."

नाव मोकळं होतं. मी तपासलं होतं. जो आधी घेईल त्याचं, असा साधा हिशोब, दोन मिनिटांचं काम. पण आमच्या घरात दोन मिनिटांचं काम दोन मिनिटांत झालं तर थोरल्यांचा अपमान होतोय. तात्यांनी सायंकाळी बैठक बोलावली. "नाव ठेवायचंय म्हणता, मग बारसं नको?" मी म्हणलं, तात्या, लेकरू न्हाई ते, वेबसाईट हाय. तात्या म्हणले, "दुकानाचं नाव आपण मुहूर्त बघूनच लावलं ना?" मी म्हणलं, लावलं, आणि दुकान दीड वर्षात बसलं. बैठक तिथंच संपायला पाहिजे होती. न्हाई संपली. माणिकप्पा स्वामीला बोलावलं.

स्वामीनं पंचांग उघडलं, चष्मा लावला. "नाव काय?" येसर. "आडनाव?" आता वेबसाईटला आडनाव काय सांगावं? तात्याच म्हणले, "भारत." स्वामीनं बोटं मोजली आणि त्याचा चेहरा उतरला. "ये म्हणजे मूळ नक्षत्र. आणि भा… भा बी मूळच. नावबी मूळ, आडनावबी मूळ. शांत करावी लागंल." म्हणजे बघा, ज्या लेकराचा जन्म झाला न्हाई, त्याची मूळशांती. मुहूर्त निघाला पुढच्या रविवारचा, दहा वाजून बावीस मिनिटं. मी लई वरडलो. तात्या, आधी घिऊन टाकू, शांत मग करत बसा. तात्या म्हणले, "नाव काय एसटी हाय का निघून जायला?"

सगळे गेल्यावर आत्या हळूच जवळ आली, "दादाचं दादाला करू दे. देवाचं देव बघंल. तू नाव आधी घिऊन ठेव गुपचूप, रविवारी नारळ फोडू." आता सांगा, शहाणी बाई कोण? चौथीवाली. मी म्हणलं, आत्या, समज झालं.

समज झालं… इथंच घोळ. चूक माझीच हाय, मी कुठं न्हाई म्हणलं.

मंगळवारी तात्यांनी फ्लेक्स लावला. नाव घ्यायच्या आधी फ्लेक्स. बस स्टँडसमोर, पंधरा बाय दहा. 'येसर.भारत, भव्य शुभारंभ.' वर तात्या. तात्याच्या बाजूला तात्याचे साडू, ज्यांचा येसरशी संबंध एवढाच की ते खातेत. खाली शुभेच्छुक चौदा. त्यातले दोघं कुणाला वळखू येत न्हाईत, फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच्या वाढदिवसाचे राहिले असतील. आत्याचा फोटो कोपऱ्यात, पदर कापलेला. आणि माझा? वेबसाईट कुणी बनवली? पानं कुणी लिहिली? येसरचे फोटो उन्हात पालथं पडून कुणी काढले? माझं नावसुद्धा न्हाई. आणि तात्यांनी त्या फ्लेक्सचा फोटो जगातल्या सगळ्या ग्रुपवर टाकला. सोयरे नांदेड, सोयरे लातूर, सेवानिवृत्त मित्र, भजनी मंडळ.

बुधवारी दुपारी मी लॅपटॉप उघडला. फॉर्म भरला. सगळा. फक्त शेवटचं बटन राहिलं. बोट त्याच्यावर ठेवलं आणि डोक्यात फ्लेक्स आला. म्हणलं, असं व्हय? चौदा शुभेच्छुक, त्यांनाच दाबू द्या की बटन. बसू द्या एक दिवस बिननावाचं. कुणाला कळणार होतं मी रुसलोय ते? कुणालाच न्हाई. पण रुसव्याला प्रेक्षक लागत न्हाईत. मी लॅपटॉप मिटला. तेवढ्यात आत्या आली, हातात थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. समोर ठेवलं. मी घास घेतला. आणि आत्या म्हणली, "झालं का रे नावाचं?"

तोंड भरलेलं होतं. मी म्हणलं, "झालं."

असं निघून गेलं हो तोंडातून. लोण्यासारखं. आत्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सरळ गेली छापखान्यात, पाकिटांवरच्या लेबलवर येसर डॉट भारत छापायला सांगायला. मला आडवं जायला पाहिजे होतं का न्हाई? पाहिजे होतं. पण रुसवा तासाभरात उतरला, आणि मी म्हणलं उद्या करतो. उद्याचं परवा. एकदा 'झालं' म्हणलं ना, की मनालाबी वाटतंय, झालंच असंल.

रविवारी सकाळी नऊ वाजता बसलो. बटन दाबलं. लाल अक्षरात आलं, हे नाव उपलब्ध नाही. मी परत टाकलं. येसरचा ये बरोबर हाय का बघितलं. उपलब्ध नाही. आणि तुम्हाला सांगतो, बाहेर मारोतीच्या सभामंडपात मूळशांतीचा होम पेटलेला, जी गोष्ट आपली न्हाईच तिची शांती चाललेली.

दहा बावीसला तात्यांनी नारळ हातात घेतला. मी म्हणलं, तात्या, नेट गेलंय. तात्या म्हणले, "माझ्यात हाय." सगळ्यांच्यात होतं. दीडशे माणसांनी मोबाईल काढले, येसर टिंब भारत टाकलं… आणि उघडलं की हो. लई चांगलं पान उघडलं. चटण्या, मसाले, रंगीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी नारळ फोडला. अकरा जणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दीड मिनिट सगळं गाव खुशीत होतं, आणि मग एक म्हातारी म्हणली, "केवळे, ह्यो मिशावाला कोण गं?"

मिशावाला म्हणजे मन्मथ. लातूरचा मसालेवाला. नाव त्याचं झालेलं.

सोमवारच्या एसटीनं लातूर. तात्या, आत्या आणि मी. तात्या रस्ताभर बाह्या सरसावत होते, "त्याला दाखवतो नांदेड जिल्हा." मन्मथ निघाला सज्जन. वाईट माणूस असता तर किती बरं झालं असतं. त्यानं खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आत्याला मावशी म्हणला. "मावशी, खोटं बोलत न्हाई. तुमच्या फ्लेक्सचा फोटो मंगळवारीच आला आमच्या ग्रुपवर. आयडिया आवडली. रोज उघडून बघायलो, ह्यांनी घेतलं असंल म्हणून. बुधवारी मोकळं. गुरुवारी मोकळं. शुक्रवारीबी मोकळं. म्हणलं, ह्यांना नकोच दिसतंय. आमचं पान तयारच होतं, मग शनिवारी घेतलं."

शनिवारी. तात्यांनी ऐकलं शनिवारी, आणि हिशोब केला, आपला मुहूर्त रविवारचा, एका दिवसानं गेलं. फुगा फुटावा तसा माणूस खुर्चीत बसला. आत्यानंबी ऐकलं शनिवारी. तिनं बुधवारपासून मोजलं. थालीपिठापासून. आणि माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई बरं का. सुईत दोरा ओवताना बघतेत तसं, बारीक डोळे करून. मग चहा संपवला, मन्मथला म्हणली, "तुमच्या काळ्या तिखटात लवंग जास्ती झालीय," आणि उठली.

परत येताना अहमदपूरला गाडी थांबली. तात्या माझ्या बाजूला येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज खाली होता. "शिवम, तू वरडून वरडून सांगत होतास. मी ऐकलं न्हाई. माझ्या मुहूर्तानं केवळाचा घात केला." त्यांचे डोळे भरलेले. हेच मला बघायचं होतं हो. दोन वर्षं, अर्धा इंजिनेर ऐकता ऐकता, रात्रंदिवस हेच मागितलं होतं, की म्हाताऱ्यानं एकदा म्हणावं, माझं चुकलं. आणि म्हणला तवा चुकलेलं माझं. खिडकीशी आत्या बसलेली, सगळं ऐकायली. मी तोंड उघडलं. सांगणार होतो, आईशपथ. आणि काय निघालं तोंडातून? "जाऊ द्या तात्या. होतंय असं."

मी माफ केलं. कळतंय का तुम्हाला? मी, तात्यांना. चूक माझीच हाय, मी कुठं न्हाई म्हणलं… पण जिथं 'माझीच हाय' म्हणायला पाहिजे होतं, तिथंच म्हणलं न्हाई.

तवापासून तात्या सुधारले. मला इचारल्याबिगर काही करत न्हाईत. बोअरचं बटन चालू करायच्या आधी इचारतेत. पाहुण्याला सांगतेत, "आमचे इंजिनेर." अर्धे म्हणत न्हाईत, आणि तो शब्द मला सारखा ऐकू येतोय. अकरा जणी ओसरीवर बसून लेबलांवरची एक ओळ काळ्या मार्करनं खोडायल्या, मलाबी एक मार्कर दिलाय. ज्या बायकांनी ते अक्षर अक्षर वाचलं, त्याच आता ते झाकायल्या. आणि वरून मलाच म्हणतेत, "तुझा काय कसूर?"

आत्यानं नवीन नाव काढलं. केवळाबाई डॉट भारत. ते कोण घेणार? बैठक न्हाई, स्वामी न्हाई. स्टूल ओढून माझ्या बाजूला बसली, म्हणली, "दाब." मी दाबलं. म्हणलं, आत्या, झालं. आत्या म्हणली, "दाखव." तिनं चष्मा लावला, पडदा वरपासून खालपर्यंत वाचला, आणि मगच उठली.

रागावली का? न्हाई हो. रोज थालीपीठ करती, लोणी घालती, लाडानं इचारती, "जेवलास का बापा?" मी म्हणतो, हाव आत्या, झालं जेवण.

म्हणती, "ताट दाखव."