घासलेलं पेडल

दादा : ...आणि ब्रेकचे पॅड मागच्या वर्षी बदलले, ते पान चौतीसवर आहे. टायर पान एकोणचाळीस. वाच, वाच. घाबरू नकोस, तोंडी परीक्षा नाही ही.

धाकटा : दादा, ही वही आहे की गाडीचं प्रगतिपुस्तक? आमच्या दुकानात इतक्या गाड्या येऊन जातात, पण पेट्रोल भरताना वारा होता की नव्हता हे लिहून ठेवणारा माणूस मी पाहिला नाही.

वहिनी : वारा लिहितात, पण घरी किती वाजता येणार ते एकदाही लिहीत नाहीत. भाऊजी, चहा इथं गॅरेजमध्येच आणलाय. ह्यांना आता गाडीतून बाहेर काढायला सांगू नका. बसताना धप्पकन बसतात आणि उतरवायला दोन माणसं लागतात. काल शेजारी आले धावत.

दादा : ते स्वतःहून आले.

वहिनी : तुम्ही हॉर्न दाबून धरलात म्हणून आले!

दादा : असो. गाडी जमिनीपासून वीतभर उंच, आणि मी अडुसष्ट वर्षांचा. डॉक्टर म्हणाले, मास्तर, एक काहीतरी निवडा, गुडघे नाहीतर ही स्पोर्ट्स कार. चाळीस वर्षं फळ्यावर वेग, वेळ, अंतर शिकवलं. सात वर्षं ते प्रत्यक्ष पाहिलं. पुरे झालं. आता तू सगळं नीट बघ आणि योग्य किंमत सांग. मॅडम पाच वाजता येताहेत.

धाकटा : कोण मॅडम?

दादा : गाडी घेणाऱ्या. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. ह्या गाडीवर त्यांचा फार जीव आहे. बरीच वर्षं पैसे साठवत होत्या. मी त्यांना शब्द दिलाय, किंमत मी लावणार नाही, माझा धाकटा भाऊ लावेल. जुन्या गाड्यांच्या धंद्यात वीस वर्षं आहे आणि तरी खोटं बोलत नाही. तो सांगेल तो आकडा. घासाघीस नाही.

धाकटा : असं कशाला सांगायचं लोकांना?

दादा : खरं आहे म्हणून.

वहिनी : भाऊजी, चहा घ्या की. निवला.

धाकटा : घेतो. दादा, साडेतीन लाख.

दादा : काय साडेतीन?

धाकटा : किंमत. साडेतीनला देऊन टाक.

दादा : अरे, मी चार दिवस बसून काढलंय. सारख्या वयाच्या, सारख्या धावलेल्या सहा गाड्या पाहिल्या. मीटरवर अठ्ठावन्न हजार किलोमीटर. घेतली तेव्हा एकतीस होते, सात वर्षांत मी सत्तावीस हजार चालवली, प्रत्येक फेरी वहीत आहे. पाच लाख ऐंशी येतात. कुठं चुकलो ते दाखव.

धाकटा : चुकला नाहीस कुठं. बाजार पडलाय.

दादा : त्या सहाही गाड्या ह्याच महिन्यात विकल्या गेल्यात.

धाकटा : लाल रंग आता कुणी घेत नाही.

वहिनी : इश्श! लाल आहे म्हणूनच तर त्या मॅडमना हवी आहे.

धाकटा : दोनच सीटची गाडी, वहिनी. सामान कुठं ठेवणार?

दादा : स्पोर्ट्स कारला दोनच सीट असतात. तूच विकली होतीस मला, तेव्हा म्हणाला होतास, दादा, तिसरं माणूस हवंच कशाला?

धाकटा : बरं, असं करू. गाडी मीच घेतो. पाच ऐंशीलाच घेतो. आत्ता चेक देतो. मॅडमना फोन करून सांग, विकली गेली.

दादा : थांब. त्यांच्यासाठी साडेतीन आणि तुझ्यासाठी पाच ऐंशी. एकाच गाडीच्या दोन किमती. हे गणित कसं जुळवायचं?

धाकटा : जुळवू नकोस. प्रत्येक गोष्ट फळ्यावर नेऊ नये माणसानं.

वहिनी : मी सांगते कसं जुळतं ते. भाऊजींना ठाऊक आहे गाडी सात-आठ लाखांची आहे. स्वस्तात उचलायची आणि दुकानात चढ्या भावानं लावायची. भाऊजी, गिऱ्हाइकांना घाला हो टोप्या, पण सख्ख्या भावाला तरी सोडा!

धाकटा : वहिनी, तसं नाही. शप्पथ तसं नाही.

दादा : अगं, उगाच काहीतरी बोलू नकोस. त्याच्या मनात काय आहे ते मला कळलंय. तो मघाशी वाकून बघत होता ना, तेव्हाच कळलं. धाकट्या, तू पेडल पाहिलंस.

धाकटा : कुठलं पेडल?

दादा : ब्रेकचं. त्याचं रबर गुळगुळीत झालंय. एका कडेला तर पत्रा दिसतो. अठ्ठावन्न हजारांत एवढं घासत नाही, मी वाचलंय. स्टिअरिंगचं चामडंही चकाकायला लागलंय. ऑइल लागतं ते दुप्पट. म्हणजे गाडी वाईट चालवली गेली. तू मला तोंडावर सांगत नाहीस, म्हणून बाजार पडला, रंग लाल, असलं काहीतरी बोलतोस. सांग की सरळ. माझा पाय जड आहे. मला माहीत आहे ते.

धाकटा : दादा...

वहिनी : आता विषय निघालाच आहे तर सांगून टाका त्यांना. नाहीतर मी सांगते.

दादा : काही गरज नाही.

वहिनी : गाडी घेतल्यावर वर्षभरानं सकाळी सहाला उठून फिरायला जायला लागले. मी म्हटलं, चला, शहाणपण आलं. एक दिवस धुवायला काढलेल्या शर्टाच्या खिशात पावती मिळाली, ड्रायव्हिंग स्कूलची! बासष्टाव्या वर्षी, भाऊजी. दोन महिने. अठरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभे राहायचे. त्यातला एकजण ह्यांचाच विद्यार्थी. तो विचारतो, सर, तुम्ही इथं कसे?

धाकटा : कशासाठी?

दादा : पाय हलका करायला. गाडी एवढी चांगली, एवढी कमी चाललेली, आणि माझ्या हातात आल्यावर वर्षभरात अशी घासली. तू विश्वासानं दिलेली वस्तू. तुला कुठल्या तोंडानं सांगणार? लाजच वाटायची. म्हणून शिकायला गेलो. ह्याच मॅडम शिकवायच्या.

वहिनी : आणि त्या काय म्हणायच्या तेही सांगा.

दादा : म्हणायच्या, काका, तुमच्या पायाखाली अंडं ठेवलं तरी फुटणार नाही. फी घेतली होती, चार चांगले शब्द बोलणारच. मी काही त्यावर विश्वास ठेवला नाही. पेडल तर डोळ्यांसमोर होतं ना.

(धाकटा वही मिटतो, पुन्हा उघडतो.)

धाकटा : दादा, मॅडम गाडी घेऊन जाणार कुठं?

दादा : परवाच निघणार आहेत. आईला आणायला. डोंगरातला रस्ता आहे, सहाशे किलोमीटर. मी म्हटलं, खुशाल जा. इंजिनातला तो बेल्ट बदलायला अजून बत्तीस हजार किलोमीटर अवकाश आहे. नव्वद हजारांना बदलायचा, पान दोनवर लिहिलंय.

धाकटा : नको. दादा, नको जाऊ देऊस त्यांना. तो बेल्ट केव्हाच संपलाय. उतारावर तुटला तर इंजिन जागच्या जागी बंद पडेल.

दादा : अठ्ठावन्नलाच कसा संपेल?

धाकटा : अठ्ठावन्न नाहीत. एक लाख दहा आहेत.

वहिनी : काय?

धाकटा : तुझ्याकडे आली तेव्हा एकतीस नव्हते. त्र्याऐंशी होते. मी मीटर मागं घेतलं होतं.

वहिनी : अहो, ऐकलंत का?

दादा : ऐकलं.

धाकटा : तुला फसवायला नाही रे केलं. तेव्हा दुकानात रीतच होती तशी. गाडी आली की आधी मीटर मागं घ्यायचं, मग धुवायची, मग रांगेत लावायची. तू येणार हे मला कुठं माहीत होतं? मी जेवायला गेलो होतो. परत आलो तर तू तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभा. म्हणालास, एकतीसच हजार! म्हणजे नवीच की रे! शेजारी दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. त्याच्यासमोर कसं म्हणणार, मीटर खोटं आहे म्हणून? मी म्हटलं, हो दादा. तेवढंच म्हटलं.

वहिनी : आणि संध्याकाळी? संध्याकाळी तर आमच्याच घरी जेवायला होतात तुम्ही. तेव्हा कोणतं गिऱ्हाईक उभं होतं?

धाकटा : तेव्हा सांगणारच होतो. पण दादा एकेकाला फोन करून सांगत होता, माझ्या भावानं दिली, माझ्या भावानं दिली. मग म्हटलं उद्या सांगू. मग परवा.

वहिनी : सात वर्षं परवाच चाललाय तुमचा. आणि पैसे? पैसे एकतीस हजारांच्या गाडीचेच घेतलेत?

धाकटा : हो.

वहिनी : भावाकडून.

धाकटा : त्यानं कमी करायला सांगितलंच नाही, वहिनी.

वहिनी : का सांगतील? भावाशी घासाघीस करायची नाही म्हणाले. मला दटावून गप्प बसवलं होतं त्या दिवशी.

धाकटा : मला मारा हवं तर. पण मला हे... ड्रायव्हिंग स्कूलचं मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ माहीत नव्हतं. दादा, काहीतरी बोल ना. शिव्या दे.

दादा : त्र्याऐंशी नक्की? ब्याऐंशी-चौऱ्याऐंशी नाही?

धाकटा : त्र्याऐंशी हजार दोनशे. विसरलो नाही कधी.

दादा : म्हणजे बावन्न हजारांचा फरक. मग पेडल बरोबर आहे. स्टिअरिंग बरोबर आहे. ऑइलसुद्धा जेवढं लागायला हवं तेवढंच लागत होतं. सगळं बरोबर येत होतं, फक्त पहिला आकडा खोटा होता. आणि मी वर्गात मुलांना काय सांगायचो? उत्तर जुळलं नाही तर आधी स्वतःची चूक शोधा. मी तीच शोधत बसलो.

वहिनी : अहो, बाहेर या बघू तुम्ही आधी. हात द्या.

दादा : नको. धाकट्या, वहीचं पहिलं पान काढ. एकतीस खोड. गिरगटू नकोस, एकच रेघ मार, खालचं दिसलं पाहिजे. शेजारी खरा आकडा लिही.

धाकटा : लिहिला.

दादा : सही कर. माझ्या अक्षराखाली कर. आता किंमत सांग.

धाकटा : साडेतीन. पहिल्यांदा सांगितली तीच. ती खरी होती. पण आज गाडी द्यायची नाही. बेल्ट मी स्वतः बदलतो, मग जाऊ दे. आणि तुझे वरचे पैसे...

दादा : पैशांचं नंतर. मी त्या बाईंना तुझ्याबद्दल काय काय सांगून ठेवलंय माहीत आहे का तुला? आता त्यांच्यासमोर मी कुठं बघू ते सांग.

धाकटा : तू काही बोलू नकोस. मी सांगतो. मीटर मी मागं घेतलं, तुला माहीत नव्हतं, असं सांगतो.

वहिनी : बेल वाजली. पाचला पाच कमी आहेत. आल्या वाटतं.

धाकटा : चल दादा, ऊठ. धर मला. वहिनी, तुम्ही त्या बाजूनं धरा.

दादा : सोड.

धाकटा : अरे, एकट्याला जमणार नाही तुला.

दादा : माहीत आहे. सोड म्हटलं ना.

वहिनी : अहो, त्या बाहेर उभ्या आहेत.

दादा : उभ्या राहू देत क्षणभर. अगं, ऐकलंस ना तू? माझा पाय जड नव्हता.

वहिनी : नव्हता हो. कधीच नव्हता.

धाकटा : दादा, माझ्याकडे बघ तरी एकदा.

दादा : आता नाही. तू जा, दार उघड. दारातच सांग त्यांना सगळं. अंड्याचं त्या बोलल्या होत्या ते खरं होतं, हेही सांग. मग ये आणि मला बाहेर काढ. तुझ्या वहिनीला एकटीला जमत नाही.