बुधवारचा उपास

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा व्यवस्थापन समितीचेही अध्यक्ष आदरणीय राजाभाऊ, व्यासपीठावरचे विस्तार अधिकारी साहेब, केंद्रप्रमुख सर, सरपंचबाई, माझ्या सहकारी हेमाबाई, रजा टाकून मुंबईहून आलेले मुंबईकर मंडळाचे पदाधिकारी, समोर बसलेले ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, आणि पुढच्या सतरंजीवर बसून हे सगळं कधी एकदा संपतंय याची वाट पाहणाऱ्या माझ्या बालमित्रांनो, तुम्हा सर्वांना शालनबाईंचा सविनय जय भीम आणि नमस्कार.

आपण माझ्या निवृत्तीनिमित्त माझा सत्कार केलात. ऑक्टोबरच्या या उकाड्यात शाल पांघरलीत, ती मी तुमचं मन मोडू नये म्हणून अंगावर ठेवली आहे. घामाचे डाग पडले तर ते आनंदाश्रू समजावेत.

हेमाबाईंनी आत्ता मानपत्र वाचून दाखवलं. अक्षर त्यांचं, भाषा त्यांची, आणि अतिशयोक्तीही त्यांचीच. त्यात एक वाक्य आहे, की शालनबाईंनी वर्गातल्या जातिधर्माच्या भिंती पाडल्या. साहेब, मी एकही भिंत पाडलेली नाही. शाळेच्या मागची भिंत पडली ती पावसाने, आणि तिचा प्रस्ताव अजून आपल्या कार्यालयात आहे. बाकीच्या भिंती शाबूत आहेत. तेव्हा ते एक वाक्य सोडून उरलेलं मानपत्र मी घरी नेईन. का सोडते ते सांगायला हवं, नाहीतर बाई शेवटच्या दिवशीही नखरे करतात असं म्हणाल.

माझं बालपण अलोऱ्याला, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत गेलं. वडील तिथे वायरमन. क्वार्टर मिळायची ती हुद्द्याप्रमाणे, जात बघून नाही. एका बाजूला साताऱ्याचे मराठे, दुसऱ्या बाजूला केरळचं ख्रिश्चन कुटुंब, समोर एक जोशी मास्तर. शाळेत डबे उघडले की कोणाचा कोणता हे शेवटी कुणालाच कळायचं नाही. जग असंच असतं असा माझा समज झाला. पुढे नोकरीला लागल्यावर कळलं, की ते जग सरकारने धरणासाठी बांधलं होतं. काम संपलं, माणसं बदलीवर गेली, क्वार्टरना कुलपं लागली. मी मात्र तो समज बरोबर घेऊन इथे आले. चूक माझ्या समजात होती की तुमच्या गावात, याचा निवाडा अध्यक्षांनी करावा.

काही वर्षांपूर्वी चिपळूणला आमचं प्रशिक्षण झालं. विषय होता सर्वसमावेशक वर्ग. प्रत्येक मुलाची बोली, त्याचा सण, त्याचं जेवण वर्गात आलं पाहिजे, असं आम्हाला सांगितलं गेलं. आम्ही रंगीत कागदावर इंद्रधनुष्य काढलं. दुपारी जेवणाची सुट्टी झाली आणि आम्ही सगळे शिक्षक आपापली माणसं हुडकून आपापल्या कोपऱ्यात जेवायला बसलो. इंद्रधनुष्य भिंतीवर होतंच!

तरी मी परत आले ती उत्साहाने. गोलपंगत सुरू केली. आठवड्यातून एकदा एका मुलाच्या घरून सगळ्या वर्गासाठी काहीतरी खायला यायचं, आणि सगळ्यांनी गोल बसून खायचं. वार ठरवताना मी फार डोकं चालवलं. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शुक्रवारी देवी, शनिवारी मारुती. राहिला बुधवार. बुधवारी पूर्णगडची मासेवाली गावात येते. त्या दिवशी या गावात उपास करणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. म्हटलं, बुधवारला तोड नाही.

पहिले बुधवार छान गेले. राजाभाऊंच्या घरून, म्हणजे त्यांच्या नातवाच्या, अपूर्वच्या घरून आंब्याची साटं आली. पोरं बोटं चाटत होती. खारवीवाड्यातून सानवीच्या आईने तांदळाची बोरं पाठवली. मग मोहल्ल्यातून रुबीनाच्या घरची सांदणं आली. त्या दिवशी तीन-चार मुलांचं पोट दुखलं. मी म्हटलं, असेल. पोट दुखतं मुलांचं.

पुढच्या बुधवारी पाळी होती श्रुतीची. बौद्धवाडीतली श्रुती, चौथीत होती. तिची आई दीपाली हिने पहाटे उठून घावणं काढली आणि नारळाचा गोड रस केला. ओल्या फडक्यात गुंडाळलेली ती मऊसूत घावणं मला अजून दिसतात. श्रुतीने स्वतः सगळ्यांपुढे केळीची पानं मांडली. मी अपूर्वच्या पानावर वाढायला वाकले, तर त्याने पान बाजूला सारलं.

"बाई, माझा आज उपास आहे."

"आज? कसला रे?"

"आजीला माहीत."

त्याच्या शेजारच्याचाही उपास. त्याच्या पलीकडचीचाही. सानवीचाही. भगिनींनो, अख्ख्या वर्गाला एका बुधवारी उपास! पंचांगात काही नाही, चतुर्थी नाही, एकादशी नाही. आदल्या रात्री घराघरातून जणू दवंडी फिरली होती. मुलं खोटं बोलत नव्हती. त्यांना घरून जे सांगितलं तेच ती सांगत होती. अपूर्व तर घावणांकडे असा पाहत होता, की मलाच त्याची दया आली. रुबीनाने मात्र मागून दोन घेतली. तिच्या सांदणांच्या वेळी ज्यांचं पोट दुखलं होतं, तेच आज उपाशी होते, हे तिच्या लक्षात आलं असावं.

श्रुती वाढायचं थांबून उभी होती. तिला काहीच समजलं नव्हतं. तिने मला विचारलं, "बाई, आज कसला सण आहे?"

अध्यापक विद्यालयात मला पुष्कळ काही शिकवलं होतं. या प्रश्नाचं उत्तर शिकवलं नव्हतं. तिने सगळ्यांची पानं पाहिली, मग आपलं पान उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "मग माझाही उपास."

मंडळी, मला त्या दिवशी राग आला. तो अजून गेलेला नाही. वयाने माणूस निवळतो म्हणतात, माझं तसं काही झालं नाही.

त्या दिवशी हेमाबाईंनी आणि मी ती घावणं खाल्ली. दोघी किती खाणार? संध्याकाळी दीपाली भांडं न्यायला आली. झाकण उघडून पाहिलं. ती भांडली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "बाई, नवा टोप काडलेला हो. कुनी वापरलेला नाय."

दुसऱ्या दिवशी राजाभाऊ शाळेत आले. अतिशय अदबीने बोलले. राजाभाऊंना दुसरं कसं बोलतात ते ठाऊकच नाही. म्हणाले, "बाई, उपक्रम उत्तमच हो. पण लहान मुलं, कुणाचं काय पथ्य असतं. त्यापेक्षा दर बुधवारी प्रत्येकाला बिस्किटांचा एकेक पुडा देऊ. सगळ्यांना सारखा. मी देतो." आणि त्यांनी दिला, कधी खंड पडू दिला नाही. गोल मोडला. मुलं आपापला पुडा घेऊन आपापल्या जागेवर बसू लागली. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा दिला, उपक्रम स्तुत्य. इथे कुणी कुणाला नाही म्हणत नाही. नाही म्हणायची वेळ आली की गाव उपास धरतं.

राजाभाऊ, आपण अध्यक्ष आहात आणि मी आपल्यासमोर हे बोलते आहे, म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माझे यजमान आजारी पडले तेव्हा आपण आपली गाडी काढून आम्हाला सिव्हिलला नेलंत. रात्रभर बाकावर बसून राहिलात. माझ्या हातचा चहाही आपण कधी नाकारला नाहीत, शाळेच्या कपातला. आपण वाईट माणूस नाही. म्हणूनच मला आशा वाटत नाही. वाईट माणसांनी हे केलं असतं तर त्यांना बाजूला सारता आलं असतं. चांगल्या माणसांना कुठे सारणार?

आता यंदाचं. जूनमध्ये पोषण आहार शिजवणारी बाई हवी होती. नियमाने दीपालीचा अर्ज पुढे होता. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. मी तिचं नाव लावून धरलं आणि समितीने मान्य केलं, एकमताने. मला वाटलं, चला, जाता जाता एक तरी काम झालं. पहिल्या आठवड्यात सगळी मुलं जेवली. दीपालीच्या हाताला चव आहे, डाळ तीच, तांदूळ तोच, पण तिची खिचडी वेगळी. दुसऱ्या आठवड्यात एक डबा घरून आला. मग चार. मग सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळ्याच वारांना देव सापडले. किती मुलं जेवतात ते मी चारचौघांत सांगत नाही. पातेलं लहान आणलं, एवढं सांगते.

परवा दीपाली माझ्याकडे आली आणि स्वयंपाकखोलीची किल्ली टेबलावर ठेवली. मी म्हटलं, अगं, मी जाते आहे, तू कशाला? म्हणाली, "तुमी हुतात म्हनून मी हुते, बाई. आता कुनाच्या जिवावर ऱ्हावू?" मी तिला थांब म्हणू शकले नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार? आज ती इथे आलेली नाही. तिच्याविषयी बोलू का, असं मी तिला विचारलं होतं. बोला म्हणाली, काय फरक पडनार हाय? तिची श्रुती आता रत्नागिरीला मावशीकडे राहून दहावीत शिकते. तिलाही बोलावलं होतं. तिने कळवलं, बाई, तुम्हाला भेटायला मी घरी येईन, शाळेत नको.

सोमवारपासून नवीन बाई खिचडी शिजवायला येईल. नाव ठरलं आहे म्हणे. म्हणजे सोमवारपासून गावाचे सगळे उपास सुटतील, घरचे डबे बंद होतील, मोठं पातेलं पुन्हा चुलीवर चढेल. आणि माझ्या जागी येणाऱ्या शिक्षकांना वाटेल, काय गुण्यागोविंदाने जेवणारी शाळा आहे ही!

दीपालीची काळजी करू नका. तिला रत्नागिरीत एका हॉटेलात स्वयंपाकघरात काम मिळालं आहे. हॉटेलचं नाव मी सांगणार नाही. आपल्यापैकी बरेच जण कोर्टाला, बाजाराला गेलात की तिथेच जेवता, तिथल्या जेवणाची तारीफ माझ्याकडेही केली आहेत. तिची ही नोकरी तरी टिकायला हवी.

आपण मला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, आज एवढा मान दिलात, हेमाबाई आणि मुलांनी उन्हातान्हात मांडव सजवला, मुंबईकर मंडळींनी वेळ काढला, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. समारंभाच्या दिवशी बोलू नये असं काही बोलून गेले असेन, कुणाचं मन दुखावलं असेल, तर जाणाऱ्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला. जय भीम, जय महाराष्ट्र.