तिसऱ्या रांगेचा मान

सर्व्हिसिंगला टाकलेल्या जुन्या गाडीची वाट बघत मास्तर शोरूममध्ये पेपर वाचत होते, म्हणजे पान उलटत नव्हते. समोरच्या नव्याकोऱ्या सात सीटच्या गाडीत, बसून बघायला म्हणून तिसऱ्या रांगेत चढवलेली आई आतच होती. बाहेर मुलाची आणि सुनेची जुंपली होती.

"नवीच घेऊ. आईसाठीच तर एवढी मोठी घेतोय!"

"वापरलेली घेतली तर आई काय उपोषणाला बसणारेत?"

"अरे, मला कुणी विचारा! या सांदीत मी बसायचं?"

"आई, मधे मुलं आणि मोत्या. मोत्याला गाडी लागते."

"मलाही लागते!"

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तीस वर्षं बोलतेय! कुत्र्याला खिडकी आणि मला डिकीचा शेजार? या नव्या वासानं मळमळतंय. काढा मला बाहेर!"

"अहो सेल्समन, ही मधली सीट दुमडत का नाही?"

"खालचा पट्टा ओढा, साहेब... तो नाही, दुसरा..."

"अरे, लवकर!"

मास्तरांनी पेपर नाकापर्यंत वर केला. आतून ओकारीचा आवाज आला. सेल्समननं वाकून आत पाहिलं.

"साहेब, आता ही वापरलेलीच झाली."

"रुमाल द्या. आणि बसवा आता तुमच्या मोत्याला इथे."