मलमावर भाताचा डबा

...नाही, पण औषधाच्या दुकानात माणसानं औषध घ्यायला लाजायचं, हा कुठला न्याय? तुम्हाला सांगतो, पूर्वी चौकातलं मेडिकल म्हणजे नुसतं मेडिकल. आत औषधवाले काका, बाहेर मी. इकडेतिकडे बघायचं, हळूच "ते... नेहमीचं" म्हणायचं, की काका मान वर न करता मलम कागदात गुंडाळून द्यायचे. देवमाणूस! आता कसलं मलम ते विचारू नका. उभ्यानं बोलतोय, ते उगाच नाही.

तर ते दुकान घेतलं एका बड्या कंपनीनं. म्हणे, आरोग्य म्हणजे आहार! एका भिंतीला भाजीपाला, दुसरीला जेवणाचे गरम डबे, आणि औषधं? पार मागं, पालेभाजीच्या पलीकडे. संध्याकाळी अख्खी गल्ली तिथं, आणि पैसे द्यायला रांग एकच. सांगा, औषधाच्या दुकानात माणसानं औषध घ्यायचं की नाही?

परवा मी टोपलीत मलम ठेवलं आणि वर भाताचा डबा. झाकायला हो! तोही झणझणीत. म्हणजे आजार वर, औषध खाली. बिल झालं, गल्ल्यावरच्या मुलीनं सगळं एकाच पिशवीत कोंबलं, आणि मागून आवाज, "अगं बाई, तुम्ही इथं?"

विहीणबाई!

लेकीचं लग्न नुकतंच झालेलं, त्या घरात माझी अब्रू अजून नवी कोरी. लग्नात मी दिवसभर उभा, तर ह्याच बाई सगळ्यांना सांगत होत्या, "मुलीचे वडील किती अदबशीर, बसायलाच तयार नाहीत!" आता त्यांनी विचारलं, काय घेतलंत? आणि माझ्या तोंडून गेलं, "भात... तुमच्यासाठीच!" मी डबा काढतोय, तोवर "इश्श, कशाला एवढं" म्हणत त्यांनी अख्खी पिशवीच घेतली. आता विहीणबाईंच्या हातातली पिशवी ओढायची का? औषधाच्या दुकानात?

घरी बायकोनं विचारलं, मलम कुठाय? म्हटलं, व्याह्यांकडे. तिनं कपाळाला हात लावला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीला तिथं कुणी काही बोललं तर?

सकाळी व्याह्यांचा फोन. आवाज एकदम खाली. "पिशवी मीच उघडली. तुम्हाला कसं कळलं हो? मी हिलासुद्धा सांगितलं नव्हतं... फार गुण आला. त्या दुकानात मला लाज वाटते, सगळे भेटतात. तुम्हीच आणत जा."

व्याही ते! नाही कसं म्हणणार? आता मी दोन मलमं आणतो. दोन मलमं झाकायला डबेही दोन लागतात, आणि व्याह्यांना पथ्य, म्हणजे तो भात संपवायचा कुणी?

...नको, खुर्ची नको. बसा तुम्ही. मी उभाच बरा.