मोटरमधले पांढरे केस

तुम्ही घराची किल्ली कुणाकडे ठेवत असाल तर आधी हे ऐका. यंदा सुट्टीत आम्ही महिनाभर पुण्याला गेलो, तेव्हा तुळशीला पाणी घालायला किल्ली सतीशला दिली. सतीश म्हणजे माझा ऑफिसमधला अगदी जवळचा मित्र. दुबईला परत आलो तर पोरगा सारखा शिंकतोय आणि व्हॅक्यूम क्लीनरला जळका वास येतोय. म्हणून तो उचलून रास अल खोरला सलीमभाईंच्या वर्कशॉपमध्ये नेला. रत्नागिरीचा माणूस, बोलणं मोजकं. मोटर उघडून म्हणाले, "खलास. फिल्टर न लावताच चालवलाय. घरात मांजर आहे ना?"

"नाही हो. पोराला मांजराची ॲलर्जी आहे."

त्यांनी चिमट्याने मोटरमधून पांढऱ्या केसांचा पुंजका ओढून माझ्या तळहातावर ठेवला. तिथूनच सतीशला फोन लावला आणि विचारलं, "आम्ही नव्हतो तेव्हा घरात कोणी राहिलं होतं का रे?"

तो म्हणाला, "चांगली फॅमिली होती रे. जाताना अख्खं घर व्हॅक्यूम करून गेली."