कर्णिकांच्या भिंतीलगतचा शोषखड्डा

दिनांक ८ जुलै १९८६, सकाळी ११ वाजता.

नाव सहदेव भिवा घाडी, वय ४९ वर्षे, धंदा नोकरी (पूर्वी गिरणीत, संपानंतर पॅकिंगच्या कारखान्यात), राहणार बैठे घर, गव्हाणपाडा, मुलुंड पूर्व, मुंबई. मूळ गाव कणकवलीजवळ.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून ठाण्यात येऊन सांगतो की, वरील घरात मी, माझा धाकटा भाऊ दशरथ, वय ३८, व त्याची पत्नी विमला असे राहत होतो. माझी पत्नी गावी असते. रविवारी ६ तारखेस सकाळी शेजारी श्यामसुंदर कर्णिक यांची कुंपणभिंत आमच्या परसात कोसळून दशरथ मयत झाला. भिंत कच्ची होती, अशी विमलाने तक्रार दिल्यावरून कर्णिकांना काल दुपारपासून इथे बसवून ठेवले आहे. भिंत त्यांची, पण ती पडली माझ्यामुळे. तेवढे सांगायला आलो आहे.

आमचे घर वडिलांनी घेतलेले, जुने आहे. दोन वर्षांपूर्वी पुढचा रस्ता उंच केला, तेव्हापासून परसातले पाणी बाहेर जात नाही. चार-चार दिवस साचते. गेल्या पावसाळ्यात ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याखालून आत झिरपत होते आणि विमला पाटावर पाय ठेवून भाकऱ्या भाजायची.

यंदा जूनच्या सुरुवातीस कर्णिक भिंतीपाशी आले व म्हणाले, "घाडी, भिंतीला भोक पाडा. पाइप माझ्या अंगणातून गटारात सोडा. माझी काही हरकत नाही." त्यांचे बोलणे सरळ होते. मी नको म्हटले. आमच्या गावच्या वाडीत पागोळीचे पाणी दुसऱ्याच्या अंगणात गेले म्हणून दोन घरे तीन पिढ्या एकमेकांकडे पाणी पीत नाहीत. आपले पाणी आपल्याच जमिनीत जिरवायचे, असे वडिलांनी शिकवले. शिवाय कोणाचे उपकार घेणे मला जमत नाही. पडलो तरी नाक वर, असा स्वभाव आहे.

म्हणून गावच्या पद्धतीने शोषखड्डा करायचे ठरवले. गावी जांभा दगड आहे, कितीही पाणी पितो. गवंडी धोंडिराम यांना बोलावले. त्यांनी पहारीने माती उकरून हातात मळली व सांगितले, "ही चिकणमाती आहे, हिच्यात पाणी मुरत नाही. आणि भिंतीला खेटून तर खणूच नका, पाया ढिला होईल." मी त्यांना म्हटले, "तुम्ही भिंती बांधा. खड्डे आम्हांला शिकवू नका." ते पहार उचलून निघून गेले.

रविवार १५ जून रोजी मी व दशरथने खड्डा खणला. पाच फूट खोल, भिंतीपासून एक हात. दशरथ म्हणाला, "दादा, वायच अलीकडे घेवया." अलीकडे घेतला तर स्वयंपाकघराच्या दारात येत होता. मी म्हटले, "खण तू." त्याने मला उलट उत्तर कधी दिले नाही. खड्ड्यात विटांचे तुकडे भरले. पहिल्याच मोठ्या पावसात तो तुडुंब भरला आणि पुढे पंधरा दिवस तसाच राहिला.

४ जुलै रोजी भिंतीला खालून वरपर्यंत तडा गेलेला मी पाहिला. कर्णिकांना सांगितले असते तर त्यांचे ऐकायला हवे होते हे कबूल करावे लागले असते. सांगितले नाही. दशरथलाही सांगितले नाही.

रविवारी सकाळी साडेसातला दशरथ खड्ड्यातले पाणी बालदीने उपसत होता. त्याने मला हाक मारली. मी चहा पिऊन येतो म्हटले. तेवढ्यात भिंत गेली. मी पोचलो तेव्हा कर्णिक पलीकडून येऊन हातांनी विटा काढत होते, त्यांच्या बोटांतून रक्त येत होते. त्यांनीच टॅक्सी आणली. इस्पितळात डॉक्टरांनी मयत सांगितले.

आमच्या घरी चूल पेटली नाही. दुपारी कर्णिकांच्या पत्नी मृणालिनीबाई पिठले-भात घेऊन आल्या. आम्ही तो जेवलो. संध्याकाळी विमला इथे तक्रार द्यायला आली, तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो. साहेबांनी मला विचारले, "खरं आहे ना?" मी मान हलवली. ती मान हलवल्याची मला लाज वाटते. काल रात्री कर्णिकांच्या घरातले दिवे चालू होते.

कर्णिकांविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्यांना सोडावे.

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला. विमला पंचनाम्यावर अंगठा द्यायला आली होती, तिने दारात उभे राहून सर्व ऐकले. साहेबांनी तिला काही सांगायचे आहे का विचारले. ती म्हणाली, "माज्या कागदावरचा नाव बदला." तिच्या तक्रारीत कर्णिकांच्या जागी नाव माझे घालावे. लिहिलेले सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे.

(सही) सहदेव भिवा घाडी