आमच्या ठेसनावर गाडी थांबायची तवा

माझं माहेर येवल्याकडचं. लग्न झालं तवा या गावाला आले ती पॅशिंजरनंच, हिरव्या चुड्यात, अन् उतरले तं फलाटाला पत्रासुदिक नव्हता, एक निंब अन् एक बाकडं. गावाचं नाव छापू नका ताई, साहेब लोक नाराज व्हतील, म्हंजी आता व्हऊन तरी काय काढून घेतील म्हणा.

मालक दुसऱ्याच्या मळ्यात कामाला, मंग म्या घरच्या चार वाफ्यातल्या मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन सकाळच्या गाडीनं नाशिकरोडला जायची. आम्ही सहासात बाया, डब्याच्या दाराशी भाजीच्या पाट्या लावायच्या, तिथंच भाकर खायची, भांडायचं, हसायचं. काय सांगू तुम्हाला, मोकळं बोलायची तेवढीच एक जागा व्हती.

माझी ज्योती त्याच गाडीनं नर्सिंगला जायाची. गावातली पहिली पोर. पांढरा ड्रेस पिशवीत घडी करून न्यायची, आमच्या पाट्यांचा चिखल लागू नये म्हणून, अन् कॉलेजात जाऊन बदलायची. पहिलं वर्ष पास झाली.

मंग तो करोना आला, गाड्या बंद झाल्या, ते बरोबरच व्हतं, माणसं मरत व्हती. पण नंतर समद्या गाड्या सुरू झाल्या तरी आमच्या ठेसनावर एक थांबंना. आज थांबंल, उद्या थांबंल. आम्ही बाया अर्ज घेऊन रेल्वेच्या हापिसात गेलो तं साहेब म्हणला, बाई, तुमच्याकडं चढतं कोण. म्या म्हणलं, आम्ही चढतो ना, आम्ही माणसं नाय का. तो कागदाकडं बघूनच म्हणला, वरून ठरलंय. वरून म्हंजी कुठून, ते आजवर कोणी सांगितलं नाय.

ज्योती म्हणली, आई, मी जीपनं हायवेला जाईन, तिथून एष्टी धरीन. पंधरा दिवस गेली. जीप भरल्याबिगर निघत नाय, दोनदा पोर अंधार पडल्यावर घरी आली, एकदा जीपवाला काहीबाही बोलला. मालक म्हणले, जाऊ दे तिला, मी हायवेला घ्यायला जात जाईन. म्याच म्हणलं, बास झालं शिक्षण. ती रडली, पाया पडली माझ्या. म्या ऐकलं नाय. दिवाळी झाली अन् लग्न लावून दिलं. जावई नाशकात अंबडला कंपनीत, माणूस वाईट नाय. ज्योती खोलीत बसून नट-बोल्टाच्या पिशव्या भरती.

ठेसनाला आता झ्याक रंग दिलाय. तिकिटाच्या खिडकीला कुलूप, अन् गाड्या धाडधाड निघून जात्यात. भाजी म्या आता बांधावरच टेम्पोवाल्याला देऊन टाकती.

परवा ज्योती आली व्हती. शेजारची म्हणली, त्या रेल्वेवाल्यांनी पोरीचं वाटुळं केलं. तं ज्योती शांतपणे म्हणली, काकू, त्यांनी नुसती गाडी बंद केली. मला बंद केलं ते आईनं.

म्या चुलीत लाकूड सारलं. साहेबाला शिव्या देती, रोज देती, त्या तोंडात बसल्यात. पण पोरीपुढं मान वर व्हत नाय. सुखात राहो ती. मला म्हणायचा हक नाय ताई, पण म्हणती.